बारावीनंतरचा जीवशास्त्राचा अभ्यास : सभासदांच्या मुलामुलींसाठी थोडी माहिती



या पानावर मी एरवी बेणेप्रक्रिया, हुमणी, खोडव्यातील पाचट असल्याच विषयांवर लिहीत असतो. या अंकात विषय वेगळा घेतला आहे. दरवर्षी बारावीचा निकाल लागला की गट कार्यालयात ऊसनोंदीला आलेले सभासद नोंद झाल्यावर खुर्ची पुढे ओढतात आणि विचारतात, "साहेब, पोरीला सायन्सला बरे मार्क पडल्यात. पण डॉक्टरकीला नंबर लागंल असं वाटत नाही. दुसरं काय हाय?" मी आजवर एकच उत्तर देत आलो : बी. एस्सी. ॲग्री. उत्तर वाईट नाही. मी स्वतः कृषी पदविकाधारक, तेव्हा मला दुसरे काही ठाऊकही नव्हते. परंतु आणखी एक वाट आहे, आणि तिची चौकशी निकालानंतर करून भागत नाही. खरे म्हणजे ती अकरावीला नाव घालतानाच करावी लागते. म्हणून हंगामाची धांदल असतानाही हा लेख लिहावयास घेतला.

ही वाट मला कळली ती माझ्या थोरल्या बंधूंच्या मुलीमुळे, आणि तीही माझ्या चुकीतून. मुलगी हुशार. दहावीनंतर आमच्या आबांनी तिला माझ्यापुढे उभी केली. "तू शिकलेला. तूच सांग काय घ्यायचं ते." मी सांगितले, जीवशास्त्र आवडते ना, मग बी ग्रुप घे, गणित सोडून दे. उगाच डोक्याला ताप कशाला? झाडापाल्यांच्या अभ्यासात गणित कशाला लागते? तिने गणित सोडले आणि त्या जागी भूगोल घेतला. आपल्याकडे शंभरातली बरीच मुले हेच करतात.

बारावीला वैद्यकीयचा नंबर हुकला. पण तिच्या कॉलेजातील एका मॅडमनी आणखी एका परीक्षेचा अर्ज भरायला लावला होता, त्यात तिचे नाव लागले आणि ती पुण्याला पाषाणच्या 'आयसर'मध्ये दाखल झाली. भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था हे तिचे पूर्ण नाव. केंद्र सरकारने २००६ साली पुणे व कोलकाता येथे अशा दोन संस्था काढल्या. पुढे मोहाली, भोपाळ, तिरुवनंतपुरम्, तिरुपती आणि बेऱ्हामपूर मिळून आज त्या सात आहेत. बारावीनंतर पाच वर्षे शिकले की बी.एस. व एम.एस. अशा दोन्ही पदव्या मिळतात. शेवटचे वर्ष वर्गात बसण्याचे नसते, एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली राहून स्वतःचे संशोधन करावे लागते.

तेथे पहिल्याच वर्षी जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि गणित हे चारही विषय सगळ्यांना सक्तीचे असतात. पुढे कोणी किड्यांचा अभ्यास करो की ताऱ्यांचा, सुरुवात एकाच मांडवाखाली. आमच्या मुलीची गाडी इथेच रुतली. दोन वर्षे ज्या विषयाचे पुस्तक उघडले नव्हते, तो समोर उभा राहिला. ऑक्टोबर महिन्यात एका रात्री अकरा वाजता तिचा फोन आला. "काका, मला परत यायचंय. मला काही कळत नाही इथलं." आबांनी फोन हातात घेतला आणि म्हणाले, "ये. गाडी घेऊन येतो उद्या." मी गप्प बसलो. गणित सोडायला सांगणारा मीच होतो, बोलणार काय?

ती परत आली नाही. सहामाहीत गणितात नापास झाली, वरच्या वर्गातल्या मुलींनी रात्री बसवून अकरावीपासूनचे शिकवले, विषय पुन्हा दिला आणि सुटली. त्या सुट्टीत ती गावी आली तेव्हा तिच्या वह्या मी चाळल्या. मला राहवेना म्हणून विचारले, "पण या गणिताचा आणि जीवशास्त्राचा संबंध काय?" तिने वही माझ्यापुढे सरकवली आणि म्हणाली, "काका, हा बघा तुमचा लोकरी मावा."

आता जरा मागे जाऊ. आपल्यापैकी चाळिशीच्या पुढच्या सर्वांना २००२ साल आठवत असेल. त्या पावसाळ्यात सांगली जिल्ह्यात उसावर लोकरी मावा दिसला आणि पाहता पाहता महाराष्ट्र-कर्नाटकात पसरला. पानाच्या खालच्या बाजूला कापूस पिंजून चिकटवल्यासारखा पांढरा थर, वरून चिकटा गळतोय, त्यावर काळी काजळी. मी तेव्हा नुकताच शेतकी मदतनीस म्हणून लागलो होतो. दिसेल त्या फडात आम्ही औषध मारावयास लावले. आठ दिवस मावा कमी दिसे, पुढे पुन्हा येई, आणि काही फडांत तर पहिल्यापेक्षा जास्त. शेतकरी म्हणत, "साहेब, औषधात पाणी हाय." पुढे वरून सूचना आल्या की फवारणी थांबवा, पानावर डिफा नावाच्या पतंगाच्या अळ्या आणि मायक्रोमस नावाचा कीटक दिसतो का पाहा, ते मावा खातात. मग कारखान्यांनी शेडनेटमध्ये या मित्रकिडी वाढवून गावोगाव पाने वाटली. हळूहळू मावा आटोक्यात आला. मित्रकिडी औषधाने मरतात हे आम्हाला कळले होते. पण औषध मारल्यावर मावा पहिल्यापेक्षा *जास्त* का व्हावा, हे मला पुढे वीस वर्षे कोणी सांगितले नव्हते.

पुतणीच्या वहीत ते होते. इटलीतील व्होल्टेरा नावाच्या गणितज्ञाने १९२६ साली हा हिशेब मांडला. त्याचा जावई मासळीबाजारातील नोंदी तपासत होता. पहिल्या महायुद्धात एड्रियाटिक समुद्रात मासेमारी कमी झाली, तेव्हा दुसऱ्यांना खाणाऱ्या माशांचे प्रमाण वाढलेले दिसले. असे का, म्हणून त्याने सासऱ्याला विचारले. सासऱ्याने दोन समीकरणे लिहिली : एक खाल्ल्या जाणाऱ्या जिवाचे, दुसरे खाणाऱ्या जिवाचे. भक्ष्य वाढले की त्याच्या मागून भक्षक वाढतो, भक्षक वाढला की भक्ष्य घटते, मग भक्षकही घटतो, आणि चक्र पुन्हा सुरू. भक्षकाची लाट नेहमी मागून येते. आता या दोघांना सारख्या प्रमाणात मारणारी एखादी गोष्ट आली, मग ती मासेमारी असो की फवारणी, तर सरासरी हिशेबात भक्ष्य *वाढते* आणि भक्षक घटतो. कारण खाणाऱ्याला दोन्हीकडून मार बसतो. तो स्वतः मरतो आणि त्याचे अन्नही कमी होते. मावा मात्र औषधाने मेला तरी त्याचा वैरीही त्याच्याबरोबर मेलेला असतो, आणि मावा पिलावळ वाढवायला कितीतरी चलाख.

हा हिशेब साधा आहे हे मान्य. शेतात पाऊस असतो, वारा असतो, शेजारच्याचा फड असतो, समीकरणात ते काही नाही. पण २००२ साली मी बांधावर उभा राहून जे पाहिले आणि ज्याचा उलगडा मला झाला नाही, तो एका पानावर होता. आणि ते पान ज्या विषयातले, तोच विषय मी पोरीला सोडायला लावला होता.

दुसरे उदाहरण आपल्या उसाच्याच पानाचे देतो, कारण या अभ्यासक्रमात विषय एकत्र का शिकवतात हे त्यावरून चांगले कळते. झाड हवेतील कार्बन वायू घेऊन साखर करते हे शाळेत शिकलो. ती साखर टप्प्याटप्प्याने कशी होते याचा शोध अमेरिकेत कॅल्व्हिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी शेवाळावर लावला. कॅल्व्हिन यांना १९६१ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेही रसायनशास्त्राचे. त्यांच्या मते पहिला पदार्थ तीन कार्बनचा होतो. सर्व झाडांत असेच होत असणार असे सगळे धरून चालले. परंतु हवाई बेटांवर ऊस बागायतदारांच्या संघाने स्वतःचे संशोधन केंद्र काढले होते. तेथील लोकांना उसाच्या पानात काही वेगळेच दिसत होते. पहिला पदार्थ चार कार्बनचा! १९६५ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे हॅच व स्लॅक या दोघांनी त्याचा पाठपुरावा करून पुढच्याच वर्षी, १९६६ साली, या नव्या मार्गाचा आराखडा मांडला. आणि सभासदांना ऐकून बरे वाटेल की ब्रिस्बेनची ती प्रयोगशाळा विद्यापीठाची नसून एका साखर कंपनीची होती.

हे शोधले कसे? किरणोत्सारी कार्बन असलेला वायू उसाच्या पानाला काही सेकंदच दिला आणि लगेच ते पान उकळत्या अल्कोहोलमध्ये टाकून मारले, म्हणजे जिथे काम चालू होते तिथेच थांबले. मग त्याचा अर्क कागदावर पसरवून त्यातले पदार्थ वेगळे केले. क्ष-किरणाची फिल्म त्यावर ठेवली की जिथे किरणोत्सारी कार्बन, तिथे काळा ठिपका. पान वनस्पतिशास्त्राचे, कार्बन भौतिकाचा, कागदावरची विभागणी रसायनाची, आणि कोणता ठिपका किती वेगाने गडद होतो हे मोजणे गणिताचे. यातला एकजरी नसता तर उसाचे गुपित उघडले नसते. उसाच्या पानात शिरांभोवती पेशींचे जे कडे असते, त्यात तो कार्बन वायू आधी गोळा करून कोंडतो आणि मग साखर करतो. म्हणून कडक उन्हात गहू-भात दमतो तिथे ऊस जोमाने वाढतो. हे आपण रोज बांधावरून पाहतो.

तिसरे, थोडक्यात. उसाच्या पेशीतील गुणसूत्रांचा नकाशा २०२४ साली 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तो आर-५७० या परदेशी वाणाचा आहे. माणसाला ४६ गुणसूत्रे, या उसाला ११४ च्या आसपास, आणि एकेका गुणसूत्राच्या कित्येक नकला. कारण आपला आजचा ऊस गोड ऊस व रानटी ऊस यांच्या संकरातून आला. कोईमतूरच्या ऊस प्रजनन संस्थेत हे काम १९१२ पासून सुरू झाले आणि १९१८ साली को-२०५ ही पहिली संकरित जात निघाली. आपली को-८६०३२ त्याच घराण्यातली. त्या संस्थेत जानकी अम्मल नावाच्या बाईंनी १९३० च्या दशकात सूक्ष्मदर्शकाखाली उसाची गुणसूत्रे मोजली, उसाचा मक्याशी संकरही केला. आज तेच काम संगणकाशिवाय होत नाही. कोट्यवधी तुकडे जुळवायचे, आणि नकला एकमेकींसारख्या. हे जुळवणारी माणसे जीवशास्त्रज्ञ म्हणावीत की गणिती, ते मला सांगता येणार नाही.

आता व्यवहाराकडे वळू, कारण सभासदांचे प्रश्न तिथलेच असतात.

प्रवेश 'आयसर ॲप्टिट्यूड टेस्ट' या परीक्षेवर होतो. तीन तास, ६० प्रश्न, चारही विषयांचे प्रत्येकी १५. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकल्यास १ गुण वजा. बारावीला या चारपैकी किमान तीन विषय असावे लागतात, म्हणजे गणित नसले तरी बसता येते. आमची मुलगी तशीच बसली. परंतु १५ प्रश्न कोरे सोडून स्पर्धेत उतरणे म्हणजे चार एकरांची लागण करून एक एकर तणाला सोडून देण्यासारखे आहे, आणि खरी अडचण तर त्याच्या पुढे सुरू होते. म्हणून जी मुले आता दहावीला आहेत त्यांना माझे सांगणे, जीवशास्त्र आवडत असेल तर जरूर घ्या, पण गणितही ठेवा. चारही विषय घेऊन बारावी करता येते. कॉलेजातले लोक कधीकधी नको म्हणतात, अभ्यास जास्त होईल म्हणतात. होतोच. अर्ज बारावीच्या निकालाच्या आधीच भरावा लागतो आणि मुदत वसंतातच संपते. पेढे वाटून झाल्यावर चौकशीला येऊ नका.

असेच शिक्षण इतरत्रही आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत २०११ पासून चार वर्षांची पदवी आहे. भुवनेश्वरला 'नायसर' आहे, मुंबईत कालिना येथे मुंबई विद्यापीठ व अणुऊर्जा विभागाचे केंद्र आहे. या दोहोंसाठी 'नेस्ट' ही परीक्षा असते. आणि जिल्ह्याच्या गावी सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान यांच्या बी. एस्सी. आहेतच. एखाद्या चांगल्या शिक्षकाच्या हाताखाली तिथेही पुष्कळ शिकता येते, ते कमी समजू नये.

दाखल्यांचे मात्र नीट ऐका. या केंद्राच्या संस्था आहेत. राज्याच्या नमुन्यातील जातीचा दाखला तेथे चालत नाही, केंद्राच्या नमुन्यातील घ्यावा लागतो. ओबीसींसाठी केंद्राच्या यादीत जात असणे व नॉन-क्रीमी लेयरचा दाखला चालू आर्थिक वर्षाचा असणे आवश्यक. आर्थिक दुर्बल घटकाचा जो दाखला असतो, त्याला वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असून भागत नाही. कुटुंबाची शेतजमीन ५ एकर किंवा त्याहून अधिक असली तर तो मिळत नाही. आपल्या कार्यक्षेत्रात किती जणांचा अर्ज या एका अटीवर अडतो ते तुम्हीच पाहा. सातबारा आधी काढून बघावा आणि तलाठी-तहसीलच्या खेपा परीक्षेच्या आठवड्यावर ठेवू नयेत.

नोकरीचे काय? इथे मी कोणाला भुलवणार नाही. ही पदवी घेऊन दुसऱ्या दिवशी खुर्ची मिळते असे नाही. बरीच मुले पुढे पीएच.डी. करतात, म्हणजे बारावीनंतर दहा-अकरा वर्षे शिक्षणच. पीएच.डी.च्या काळात विद्यावेतन मिळते, तरी घरी पैसे पाठवण्याइतके ते असेलच असे नाही. काही औषधे व लस बनविणाऱ्या कंपन्यांत जातात, काही संगणकावर आकडेमोडीच्या कामाला. पदवीधरांसाठीच्या स्पर्धा परीक्षांना बसता येते, परंतु कृषी सेवेच्या परीक्षेला शेतकीचीच पदवी लागते, तिथे ही चालणार नाही. ज्या घरात मुलाच्या कमाईची लगेच गरज आहे, त्यांनी याचा विचार करूनच पाऊल टाकावे. आबांनाही मी हेच सांगितले. ते म्हणाले, "आडसाली लावलीया म्हणायचं. येईल तवा येईल." त्यांना पटले की ते माझी समजूत काढत होते, कोण जाणे.

शिक्षण सर्व इंग्रजीतून होते. मराठी माध्यमाच्या मुलांना पहिले सहा महिने जड जातात. आमची मुलगी सांगत होती की वर्गात तिला प्रश्न पडे, पण इंग्रजीत वाक्य जुळेपर्यंत तास संपे. नंतर तिने प्रश्न वहीत लिहून ठेवायचा आणि तास संपल्यावर सरांकडे जायचा परिपाठ ठेवला. त्यातले काही प्रश्न मी पाहिले. एक होता : खोडव्यात फुटवे लागणीपेक्षा लवकर येतात, तर जमिनीखालच्या डोळ्यांना वरचा ऊस तुटल्याचे कळते कसे? मला बावीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न पडला नव्हता. शेंड्याकडून खाली येणारा संप्रेरकाचा रस थांबतो म्हणून डोळे जागे होतात, एवढे मी पदविकेला शिकलो होतो. ते मी तिला सांगितले. ती म्हणाली, "ते माहिताय काका. पण किती वेळात थांबतो? आणि सगळेच डोळे का जागे होत नाहीत?"

यंदा तिचे तिसरे वर्ष आहे. या सुट्टीत ती आमच्या खोडव्याच्या प्लॉटमध्ये तोडणीनंतर रोज सकाळी फुटवे मोजायला बसणार आहे. प्रत्येक सरीत दहा बेटांना खुणेचे धागे बांधून ठेवा म्हणून आबांना फोन आला होता. आबांनी लाल धागे आणून ठेवले आहेत, आणि तोडणीच्या टोळीला सांगितले आहे की बुडख्यालगत तोडा, नाहीतर पोरीचा हिशेब चुकेल. एवढी वर्षे मी सांगत होतो तेव्हा ऐकले नाही!

जुन्या प्रश्नपत्रिका, अर्ज भरण्याची माहिती आणि केंद्राच्या नमुन्यातील दाखल्यांचे कोरे नमुने मी शेतकी विभागात एका फाईलला लावून ठेवले आहेत. दहावी ते बारावीत मुले असलेल्या सभासदांनी दर शनिवारी दुपारी तीननंतर मुलांना घेऊन यावे. मुलींनाही आणावे, फक्त मुलांना नव्हे. येताना दहावीची गुणपत्रिका आणि सातबारा जवळ ठेवावा.